गडाचं वजन

डिसेंबरातला तिसरा रविवार, सकाळचे सहा.
वनखात्याच्या नाक्यावर आम्ही बाटल्या मोजून देतो:
प्लास्टिकच्या सव्वीस. येताना सव्वीस दाखवायच्या.
परतवाड्याहून आणलेली नववीची पोरं
कानटोप्या घालून तोंडातून वाफा काढतायत.
रजिस्टरात ‘हेतू’च्या रकान्यात मी लिहितो:
इतिहास व पदभ्रमण.
तोताराम जांभेकर सही करतो, गाइड क्रमांक चार,
आणि न विचारता माझी पिशवी खांद्याला लावतो.

बावीस वर्षं मी इतिहास शिकवतो.
पहिल्या वळणावर, कुलूच्या पांढऱ्या बुंध्यापाशी,
सन सांगतो, वेढा सांगतो,
तट फुटला ती बाजू हात करून दाखवतो.
पोरं वानरांकडे बघतात.
मग गवईंचा प्रज्योत माझ्यावरून नजर काढून
त्यालाच विचारतो, “भाऊ, किती जुना हाये हा गड?”
तोताराम डोकं खाजवतो.
“जुना नाई मालूम. जड हाये.”

आज्यानं मडमेला डोलीत बसवून वर नेलं होतं,
चौघांनी मिळून, थंड हवेसाठी.
मडम हलकी. तिची ट्रंक जड.
सगळ्यात जड तिचा आंघोळीचा टब, जस्ती पत्र्याचा,
तो ह्याच खिंडीत हातातून सुटला
आणि असा गडगडत गेला
की खालच्या गावात लोक म्हणाले,
लढाई पुन्हा लागली.
पुढं सात वर्षं त्यात
गवळ्यांच्या म्हशी पाणी प्याल्या.

आता वानरांकडे कुणी बघत नाही.

बापानं मचाणाच्या बल्ल्या वाहिल्या,
शिकाऱ्यांची बर्फाची पेटी,
आणि एकदा तो, बांबूला उलटा बांधलेला.
“कुला,” तोताराम हळूच म्हणतो,
सागाच्या वाळल्या पानांत कुणी ऐकत असावं तसं.
मेल्यावर वाघ जास्त भरतो.
का, ते बापाला शेवटपर्यंत उमगलं नाही.
शिकार बंद झाली तेव्हा बाप
पहिल्यांदा रिकाम्या हातानं गड चढला
आणि अर्ध्यातून परत आला.
दम लागेना, म्हणून घाबरला.

आणि तोताराम स्वतः:
तंबू, दोर, गॅसची टाकी,
पुण्याच्या ग्रुपचा स्पीकर,
पाय मुरगळलेला एक बँक मॅनेजर, पाठकुळी, दरवाजापर्यंत.
ड्रोन तेवढा भरला नाही.
“पाखरावानी,” तो म्हणतो, जरासा नाराज.

माझ्या वहीत दरवाजे आहेत, बुरुज आहेत,
फारसी लेखाचं भाषांतर आहे, फितुराचं नाव आहे.
हे चिरे वर कुणी आणले, ते नाही.
त्यासाठी मी कोरी ओळसुद्धा
सोडलेली नाही.

वर तळ्याकाठी डबे उघडले.
जवसाची चटणी इकडून तिकडे फिरली,
तोतारामच्या डब्यात कुटकीचा भात.
पोरांनी आरोळ्या दिल्या, तटानं त्या परत केल्या.
प्रज्योत मात्र पडक्या भिंतीशी एकटाच
एक चिरा उचलू बघत होता.
हलला नाही.
हात झटकून त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि मी उगाच घड्याळाकडे.

उतरताना पिशवी मी मागून घेतली.
वाटलं, खूश होईल.
तोतारामनं हात आधी खिशात घातले,
मग पाठीशी बांधले, मग नुसते सोडले,
पायाखालची रोजची वाट
कुणी बदलून ठेवल्यासारखा अडखळला.
शेवटी आवळीखाली पडलेले तीन आवळे वेचले
आणि न खाता, मुठीत धरून,
नाक्यापर्यंत आणले.

बाटल्या मोजल्या. पंचवीस.
पुन्हा मोजल्या. पंचवीस.
मी पोरांवर ओरडायला तोंड उघडलं
तोवर रजिस्टरावर तीन आवळे ठेवलेले होते,
आणि एका रिकाम्या बाटलीचं वजन आणायला
तोताराम, जवळजवळ धावत,
पहिल्या वळणाआड गेला होता.